लांबचं लहान का दिसतं?



केंदूरहून पाबळच्या रस्त्याला उभं राहून बघितलं, तर रस्ता पुढं पुढं निमुळता होत जातो. तो सगळीकडं सारखाच रुंद आहे, हे आपल्याला चालून माहीत असतं. मग चित्रात तो काढायचा कसा? आहे तसा, की दिसतो तसा?

सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कारागिराला हाच प्रश्न पडला असेल. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट त्यांचं नाव. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा समाज. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये इंग्रजांचा वकील म्हणून पेशव्यांच्या दरबारी आला. त्यानं गंगारामांना चित्रांच्या कामाला लावलं. पुढं जेम्स वेल्स हा चित्रकार आला आणि सवाई माधवरावांच्या आश्रयानं शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली.

आपल्या जुन्या चित्रांत देव, राजा मोठा आणि सेवक लहान. मोठेपणा मानावर ठरायचा. नव्या रीतीत चित्रकार एका जागी उभा राहतो. जवळचं मोठं, लांबचं लहान. लेण्यातली खांबांची रांग आत जाता जाता बारीक होते. गंगारामांनी ही रीत उचलली आणि प्रवास करून वेरूळची, कार्ल्याची लेणी काढली. एका चित्रात तर आपल्या गुरूंसोबत स्वतःलाही काढलं.

अशीच रीत डच व्यापाऱ्यांच्या चित्रांतून जपानलाही पोचली. तिथं हिरोशिगे यांनी १८३३च्या सुमारास तोकाइदो या लांब रस्त्याच्या मुक्कामांची चित्रं काढली. ती लाकडी ठशांवर छापली जात. प्रत्येक रंगाला बहुधा वेगळा ठसा. चित्रकाराचं नाव जगभर झालं. लाकूड कोरणारे आणि छापणारे मात्र बहुतेक अनामिकच राहिले.

आपल्याकडं वेल्स १७९५ मध्ये वारला. १८०३ मध्ये विलायतेत वेरूळच्या चोवीस चित्रांचं पुस्तक निघालं, त्यावर नावं वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची. गंगारामांचं नाव मॅलेटच्या संग्रहामुळं टिकलं. त्यांची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत.

लांबून बघणाऱ्याला माणूस लहानच दिसतो. म्हणून आपण जवळच्यांनी त्याचं नाव लिहून ठेवायचं. आपल्या गटाच्या वहीत पैशांचा हिशेब असतो. गोधडी कुणी शिवली, पापड कुणी लाटले, तेही यापुढं नावानिशी लिहूया.