वसई किल्ल्यातील चर्च

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील पोर्तुगीजकालीन कॅथलिक वास्तूंचा समूह. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांनी चर्च आणि मठ उभारले. जेझुइट चर्चचे कोरीव दर्शनी प्रवेशद्वार, फ्रान्सिस्कन चर्चमधील कोरीव लेखांच्या समाधिशिला व सेंट जोसेफ चर्चचा मनोरा हे ठळक अवशेष. वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर चर्चच्या अनेक घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच मानली जाते.