पंडिता रमाबाई–सिस्टर जेराल्डिन पत्रव्यवहार

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) आणि अँग्लिकन पंथाच्या संन्यासिनी सिस्टर जेराल्डिन यांच्यातील पत्रव्यवहार हा ख्रिस्ती धर्मातील खरी उपासना व ईश्वरी अधिकार यांविषयीचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. धर्मग्रंथाचा अर्थ आणि उपासनेची रीत ठरविण्याचा अधिकार धर्मसंस्थेचा की श्रद्धावान व्यक्तीचा, हा त्यातील मुख्य वाद होय.

पार्श्वभूमी

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील संन्यासिनींच्या मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या; रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ असे संबोधीत. पुढे रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात गेल्या आणि मतभेद पत्रांतून व्यक्त होऊ लागले.

वादाचे स्वरूप

ख्रिस्ताने प्रेषितांना दिलेला अधिकार बिशपांच्या अखंड परंपरेतून चालत आला आहे, म्हणून चर्चची आज्ञा पाळणे हा श्रद्धेचाच भाग आहे, अशी जेराल्डिन यांची धारणा होती. रमाबाईंनी बायबल आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांना प्रमाण मानले. त्रैक्याचा सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यानंतर तसेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट कळविले.

वाद केवळ तात्त्विक नव्हता. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास भारतातील बिशपांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी या हस्तक्षेपाचा निषेध केला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असाही त्यांचा आग्रह होता. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावरूनही दोघींत खटके उडाले; तरी पत्रव्यवहार तुटला नाही.

पुढील कार्य

उपासकाला देवाचे वचन स्वतः वाचून समजले पाहिजे, ही भूमिका रमाबाईंच्या बायबल भाषांतरातही दिसते. रूढ मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने ते सामान्य स्त्रियांना कठीण जाई. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात करून मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याच्या छपाईचे काम केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये तेथील स्त्रियांनी केले. मृत्यूपूर्वी रमाबाईंनी हे भाषांतर पूर्ण केले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रकाशन

सिस्टर जेराल्डिन यांनी ही पत्रे संकलित केली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा इंग्रजी संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये मुंबई येथून प्रकाशित केला.