मार्ग, अंगार आणि परिहार

राजमार्ग आणि इंधन यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोनच दृष्टींनीं लिहिला जातो. एक लष्करी आणि दुसरी व्यापारी. कोणत्या घाटानें फौज उतरली, कोणत्या नाक्यावर जकात किती पडे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि संशोधकांनीं त्यांवर पुष्कळ सामग्री उजेडांत आणिली आहे. परंतु तिसराही एक प्रश्न आहे. मार्ग ज्या रानांतून जातो तेथील जनावरांस, आणि ज्या गांवांच्या शिवारांतून जातो तेथील रहिवाशांस, त्या मार्गापासून मिळालें काय व त्यांना द्यावें लागलें काय? धरणें, विजेचीं कारखानें आणि महामार्ग यांच्या काळांत हा प्रश्न नवा वाटतो. वस्तुतः तो शिलालेख व ताम्रपट यांइतका जुना आहे. त्या लेखांच्या आधारें त्याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम अशोकाचे लेख घेऊं. दुसऱ्या गिरिलेखाच्या गिरनार येथील प्रतींत मार्गांवर विहिरी खणविल्याचा व झाडें लावविल्याचा उल्लेख असून, तीं कोणाच्या उपभोगासाठीं हें एकाच समासानें सांगितलें आहे: ‘पसुमनुसानं’. अभिषेकानंतर २७ व्या वर्षीं कोरविलेल्या, तोपरा येथून दिल्लीस आणलेल्या स्तंभावरील सातव्या लेखांतही हाच समास किंचित् उच्चारभेदानें येतो. तेथें सावलीसाठीं लाविलेले वड, आंबराया, विहिरी, विश्रांतिस्थानें आणि पाणपोया अशी सगळी यादीच आहे. विहिरींमधील अंतर आठ कोसांचें कीं अर्ध्या कोसाचें याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तो येथें अप्रस्तुत आहे.

या समासांत ‘पशु’ आधीं व ‘मनुष्य’ मागून आला, यावरून राजास माणसापेक्षां जनावर अधिक प्रिय होतें असें कोणी अनुमान करील तर तें टिकणार नाहीं. द्वंद्व समासांत ‘पशु’सारखा उकारान्त शब्द पूर्वीं यावा हा पाणिनीचा नियमच आहे. महत्त्व क्रमाचें नसून समासाचें आहे. एकाच कामाचे हे दोन लाभार्थी राजशासनानें एका शब्दांत बांधिले आणि दगडावर कोरविले. येथील ‘पशु’ मुख्यत्वें तांड्यांचे बैल, घोडे, गाढवें हींच होत, हें उघड आहे. तरी वडाच्या फळांस कुंपण नसतें. हरियल, वटवाघूळ आणि वानर हीं त्या वडावर यावयाचींच. शिवाय याच राजाच्या पांचव्या स्तंभलेखांत निष्कारण अथवा जीवहिंसेसाठीं वन जाळूं नये अशी आज्ञा आहे. तेव्हां रानाचा विचार त्याच्या शासनांत नव्हता असें म्हणतां येत नाहीं.

वाटेवरच्या वडाचें हें मोल लोक अद्यापि जाणतात. २०२० सालीं रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामांत सांगली जिल्ह्यांतील भोसे येथील जुना वटवृक्ष जाणार होता. गांवकऱ्यांनीं व वृक्षप्रेमी मंडळींनीं हरकत घेतली, आणि मार्गाची आंखणी बदलण्यांत आली.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. मार्गानें देणें जसें लेखांत आहे, तसें मार्गासाठीं घेणेंही आहे. तें स्पष्ट दिसतें वाकाटकांच्या ताम्रपटांत. दुसऱ्या प्रवरसेनाचा १८ व्या राज्यवर्षांतील चम्मक ताम्रपट एलिचपुराजवळ सांपडला. प्रवरपूर येथून दिलेल्या या शासनानें चर्मांक नांवाचें गांव एक हजार ब्राह्मणांस दिलें. आम्हांस येथें महत्त्व वाटतें तें दान घेणाऱ्यांचें नव्हे, तर त्यांतील परिहारांचें, म्हणजे गांवास दिलेल्या माफींचें. सैनिकांनीं गांवांत शिरूं नये ही एक माफी. दुसरी ‘अपारम्परगोबलीवर्दः’, राजकार्यासाठीं पाळीपाळीनें गाईबैल पुरविण्याचें बंधन नाहीं, असा हिचा अर्थ लावतां येतो. तिसरी ‘अचारासनचर्माङ्गारः’. फ्लीट यांनीं येथें चराई, कातडीं व कोळसा यांवरील हक्काचा अभाव असा अर्थ घेतला. महामहोपाध्याय मिराशी यांच्या मतें फिरतीवरील राजपुरुषांस गवत, बसावयास कातडीं आणि कोळसा पुरविण्यापासून ही सूट आहे. प्रसंग पाहतां मिराशींचा अर्थ आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो. शेवटीं सर्व प्रकारच्या विष्टीचीही माफी आहे. ही विष्टि म्हणजेच आपल्या दफ्तरांतली वेठ.

हे शब्द नीट पाहिले तर पांचव्या शतकांतील राज्ययंत्राचें इंधन व वाहतूक कोणाच्या जिवावर चाले हें कळून येतें. अंगार म्हणजे लोणारी कोळसा. तो गांवच्या रानांतील लांकडापासून व्हावयाचा. चराई गांवच्या कुरणांतली, बैल गांवच्या गोठ्यांतले, कातडीं गांवच्या गुरांचीं, आणि श्रम गांवकऱ्यांचे. माफी ज्या गोष्टीची दिली जाते, ती माफी नसलेल्या इतर गांवांवर लागूं होती, हें दानपत्रांच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. म्हणजे अशोकाच्या लेखांत मार्गाचा लाभ लिहिला आहे, आणि वाकाटकांच्या ताम्रपटांत त्याचा भार. दोन्ही मिळूनच मार्गाचा पुरा इतिहास होतो.

ज्या प्रवरपुराहून हें शासन निघालें तें मिराशी पवनार येथें मानीत. रामटेकाजवळील मनसर येथें उत्खननें झाल्यावर कित्येक अभ्यासक तें मनसर येथेंच मानूं लागले आहेत. योगायोग असा कीं, आमच्या प्रश्नाचें आजचें सर्वांत बोलकें उदाहरण याच मनसरापासून सुरू होतें. नागपुराहून जबलपुराकडे जाणारा महामार्ग, पूर्वींचा क्रमांक ७ व आतांचा ४४, मनसर ते खवासा या टप्प्यांत पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्यांतून जातो. तो रुंद करावयाचें ठरलें तेव्हां अरण्याचे दोन तुकडे पडून इकडचें जनावर तिकडे जाणें बंद होणार, अशी हरकत निघाली. प्रकरण न्यायालयांत गेलें, काम अडलें, आणि अखेर जनावरांच्या येण्याजाण्याची सोय मार्गाच्या आराखड्यांतच करावी लागली. अरण्यांतील सुमारें १६ किलोमीटरांच्या भागांत नऊ ठिकाणीं महामार्ग खांबांवर उचलून धरिला आहे. या भुयारी वाटांची रुंदी ५० मीटरांपासून ७५० मीटरांपर्यंत आहे. वरून मालमोटारी धांवतात आणि खालून रान अखंड राहतें.

या वाटा खरोखर उपयोगांत येतात कीं नाहीं, याची तपासणी भारतीय वन्यजीव संस्थेनें २०१९ सालीं स्वयंचलित छायायंत्रें लावून केली. १८ जातींचे वन्य प्राणी तेथून ये-जा करितांना आढळले. त्यांत चितळ, रानडुक्कर, नीलगाय यांबरोबर रानकुत्रे, बिबटे आणि वाघही होते. यांत माणसाचाही लाभ आहे. रात्रीं भरधांव गाडीपुढें नीलगाय किंवा डुक्कर आलें तर जनावर मरतें, आणि दुचाकीवरचा माणूसही पुष्कळदां वांचत नाहीं. जेथें जनावर खालून जातें तेथें दोघांचाही जीव राखला जातो. अशोकाच्या समासाचा याहून यथार्थ अर्थ दुसरा कोणता असूं शकेल? नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर असून त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्यावरही जनावरांसाठीं वरून व खालून वाटा ठेविल्या आहेत. जो प्रकार पेंच येथें भांडून मिळवावा लागला, तो पुढील कामांत प्रारंभींच आराखड्यांत आला, ही इतिहासानें नोंदवावी अशी गोष्ट आहे.

इंधनाच्या बाजूस मात्र चित्र असें सरळ नाहीं. पूर्वींच्या अंगाराची जागा आतां विजेनें घेतली आहे, आणि महाराष्ट्रांत तिचें सर्वांत मोठें जलस्थान कोयना. तेथील धरण १९६४ सालीं पुरें झालें. पुढील सर्व टप्पे मिळून तेथील वीजकेंद्रांची क्षमता १९६० मेगावॅट झाली. जलाशयाभोंवतींचे डोंगर झाडींनीं झांकलेले असले म्हणजे माती धुपून पाण्यांत येत नाहीं व जलाशय गाळानें लवकर भरत नाहीं. तेव्हां वीज निर्माण करणाऱ्यांचा स्वार्थ रान राखण्यांतच आहे. १९८५ सालीं कोयनेचें अभयारण्य झालें. २०१० सालीं तें चांदोलीसह सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालें, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत त्याची गणना झाली. रानास लाभ झाला यांत शंका नाहीं.

परंतु समासांतील दुसऱ्या पदाचें काय? ज्यांचीं घरें व खाचरें पाण्याखालीं गेलीं त्यांच्या पुनर्वसनाचे झगडे दशकानुदशकें चालले. कित्येक कुटुंबें पाण्यामुळें एकदां वर सरकलीं, आणि पुढें अभयारण्य झाल्यावर पुन्हां अडचणींत आलीं. त्याहीपूर्वीं मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट व मावळे शेतकरी यांनीं सत्याग्रह केला, तेव्हां तक्रार हीच होती कीं जमीन मावळची बुडावयाची आणि वीज मुंबईस जावयाची. वाकाटकांच्या शब्दांत सांगावयाचें तर अंगार गांवानें पुरविला, पण परिहार कोणीं लिहून दिला नाहीं.

येथें आमचें मुख्य म्हणणें येतें. पेंच व कोयना यांत भेद आहे तो हेतूचा नसून लेखाचा आहे. पेंच येथें किती ठिकाणीं, किती लांबीची वाट सोडावयाची, हें मार्ग रुंद होण्यापूर्वीं ठरलें आणि आंकड्यांत लिहिलें गेलें. म्हणून तें मोजतां आलें, तपासतां आलें व पुढील कामांत उचलतां आलें. कोयनेच्या रानास लाभ झाला तो मागाहून, आणि माणसांस जें द्यावयाचें तें पुष्कळसें आश्वासनांवरच राहिलें. आपले पूर्वज दान तोंडीं ठेवीत नसत. कोणी दिलें, कोणास दिलें, चतुःसीमा काय, कोणती माफी, आणि मोडणाऱ्यास कोणतें पाप, हें सर्व तांब्यावर कोरून ते देत. जो लाभ लेखांत नाहीं तो कालांतरानें कृपा ठरतो, आणि कृपा केव्हांही परत घेतां येते.

म्हणून या पत्राच्या वाचकांस आमची एक विनंती आहे. जुनीं दफ्तरें मिळविण्यास आपण गांवोगांव हिंडतां, तें कार्य थोर आहेच. त्याबरोबर धरणग्रस्त व मार्गग्रस्त गांवांतील कागदही गोळा करावेत. भूसंपादनाच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, बुडालेल्या गांवांचे नकाशे, गुरांच्या जुन्या वाटांच्या व पाणवठ्यांच्या नोंदी, ग्रामसभांचे ठराव हे आज घरोघरीं पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत, आणि वाळवी त्यांस जुन्या कागदाइतकेंच आवडीनें खाते. पुढें एखादा तंटा उभा राहील तेव्हां अमुक वाट जनावरांसाठीं सोडली होती, अमुक गांवास अमुक शब्द दिला होता, याचा पुरावा यांतूनच निघेल. चम्मकचे पत्रे जमिनींतून निघाले नसते तर वाकाटकांच्या काळीं अंगार कोण पुरवीत होता हें आज आपणांस कळलें नसतें. आमच्या काळाचा अंगार कोणीं पुरविला, हें पुढच्यांस कळावें असें वाटत असेल तर हे कागद आतांच उचलले पाहिजेत.