व्यायामाची नोंद ठेवणारे ॲप कोणते घ्यावे?

सैन्यभरतीची तयारी करणारी बेळगाव परिसरातील मुले आता मोबाईल घेऊनच धावतात. धाव १.६ किलोमीटरची. ॲप अंतर मोजते, वेळ सांगते, पोरगा खूश. पण अंतरच चुकले तर? साडेपाच मिनिटांच्या वेगात ५० मीटर म्हणजे सुमारे १० सेकंद. भरतीच्या मैदानात एवढ्यावर निकाल फिरतो.

म्हणून ॲप घेण्याआधी ते मैदानावर तपासावे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. ॲप किती दाखवते ते पाहायचे, तेही दोन-तीन दिवस. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, आकाश मोकळे लागते. दाट झाडी किंवा उंच इमारतींत रेषा इकडेतिकडे उडते आणि अंतर चुकते. ‘ऑटो पॉज’ची सोय मात्र बंदच ठेवावी. थांबले की घड्याळ थांबते, भरतीतले घड्याळ थांबत नसते. धाव मध्येच तुटत असेल तर बहुतेकदा दोष ॲपचा नसतो. मोबाईलचे बॅटरी सेव्हर ते मागे बंद करते. सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट द्यावी.

धावण्यासाठी स्ट्राव्हा, नायकी रन क्लब ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. जिममध्ये त्यांचा फारसा उपयोग नाही. किती किलो, किती सेट हे आपणच भरावे लागते. त्यासाठी अँड्रॉइडवर फिटनोट्ससारखे साधे ॲप पुरते. नोंदी फोनमध्येच राहतात, फाईल करून बाहेरही काढता येतात. फोन बदलला की या सोयीची किंमत कळते. वर्षाचे पैसे भरण्याआधी महिनाभर फुकटात वापरून बघावे. कॅलरीचा आकडा अंदाजाचा असतो. त्यावर जेवण ठरवू नये.

राहिला प्रश्न खासगीपणाचा. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील धावण्याच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून अनेक देशांतले लष्करी तळ ओळखू आल्याचे उघड झाले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. कॅम्प भागात धावणाऱ्यांनी नोंद ‘फक्त मला’ अशीच ठेवावी. मुलींनी आणि एकट्याने धावणाऱ्यांनी घराजवळची सुरुवात व शेवट लपवण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करावी. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यावर कोण असते हे अनोळखी माणसाला कळण्याचे कारण नाही.