बोरघाटातील भार आणि हवेची स्प्रिंग

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे त्यांच्या दळणवळणाचा इतिहास हा मुख्यतः बोरघाटाच्या चढउताराशी ओझ्याचा मेळ घालण्याचा इतिहास आहे. पेशवाईत या घाटातून माल बैलांच्या पाठीवरून जाई आणि वाटसरूंच्या सोयीसाठी नाना फडणवीसांनी खोपोलीला महादेवाचे देऊळ व प्रशस्त तळे बांधले. चाकाच्या वाहनांना जाता येईल असा रस्ता मात्र गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग सुरू झाला, ज्यावर सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट इतका होता. अशा चढावर एका इंजिनाचे बळ पुरत नसल्याने कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, जोडण्याची पद्धत रूढ झाली, आणि ती आजही चालू आहे. उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवता यावी म्हणून चढावाकडे जाणारे फाटेही बांधले गेले.

याच घाटाच्या परिसरातील डोंगरवाटांवर आता माउंटन बाइक दिसू लागली असून, तिच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या फोर्कमधील हवेची स्प्रिंग हे भाराच्या त्या जुन्याच प्रश्नाचे नवे उत्तर आहे. पॉल टर्नर याने रॉकशॉक्स या नावाने बाजारात आणलेला आरएस-१ हा सुरुवातीचा फोर्क हवा आणि तेल यांवर चालत असे. १९९० मध्ये ड्युरँगो येथील माउंटन बाइकच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड याने उताराची शर्यत त्याच फोर्कवर जिंकली. पुढे १९९० च्या दशकात हवेऐवजी लवचीक युरेथेनचे ठोकळे वापरात आले, परंतु त्यांत जड स्वारासाठी अख्खे ठोकळे बदलून कडक बसवावे लागत. हवा या शतकात सर्वत्र परतली याचे महत्त्वाचे कारण हेच, की दाब वाढवला की तीच स्प्रिंग अधिक भार पेलते.

तरीही जड स्वाराची अडचण एवढ्याने सुटत नाही. दाब वाढल्यावर सुरुवातीचे काही मिलिमीटर फोर्क हलायलाच तयार होत नाही, म्हणून मुख्य कप्प्याच्या विरुद्ध दिशेने दाबणारा दुसरा, ‘निगेटिव्ह’ कप्पा जोडण्यात आला. अनेक फोर्कमध्ये हे दोन कप्पे प्रवासाच्या, म्हणजे फोर्क जितका दबू शकतो त्या अंतराच्या, एका ठरावीक टप्प्यावर एकमेकांना जोडले जातात, त्यामुळे थोडी थोडी हवा भरून दर वेळी फोर्क सावकाश दाबून सोडल्याशिवाय दोहोंतील दाब समान होत नाही. स्वार सर्व सामानासह, पाण्याच्या पिशवीसकट, सायकलवर स्थिर बसला असता फोर्क जितका खचतो त्याला ‘सॅग’ म्हणतात. १६० मिलिमीटर प्रवासाच्या फोर्कमध्ये तो २० टक्क्यांप्रमाणे ३२ मिलिमीटर भरतो आणि नळीवरच्या रबरी कड्याने मोजता येतो. सॅग बरोबर असूनही मोठ्या दगडावर फोर्क तळाला आपटत असेल, तर दाब आणखी वाढवण्यापेक्षा हवेच्या कप्प्यात प्लॅस्टिकचे ठोकळे घालून त्याचे आकारमान कमी करणे अधिक योग्य ठरते, कारण जागा आकसली की प्रवासाच्या अखेरीस दाब झपाट्याने वाढतो आणि सुरुवातीची मृदुता तशीच राहते. शिवाय जास्त दाबलेली हवा चाकाला जोराने परत ढकलते, म्हणून हा परतीचा वेग रोखणारा ‘रिबाउंड’चा खटका हलक्या स्वारापेक्षा अधिक आवळावा लागतो, ही पायरी अनेकदा विसरली जाते आणि उतारावर हँडल उसळू लागते.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या आधुनिक डब्यांतही हवेच्या स्प्रिंग असतात, पण तेथे गर्दी वाढली की समतोल राखणारा झडपेचा भाग आपोआप अधिक हवा घेतो. सायकलच्या फोर्कला अशी झडप नसते. ते काम स्वारानेच दाबमापक असलेल्या लहान शॉक पंपाने करावे, आणि उत्पादकाने फोर्कवर छापलेली कमाल दाबाची मर्यादा वजन कितीही असले तरी ओलांडू नये.