आईचा तीन ते सहाचा खेळ

माझ्या आईचा जन्म 1939 सालचा. त्याच वर्षी शांता हुबळीकरांचा 'माणूस' पडद्यावर आला, आणि या योगायोगाचा आईला आजही अभिमान आहे. आमच्या घरात एखाद्या गोष्टीचे साल काढायचे झाले तर कुणी जुनी पंचांगे उलगडत बसत नाही, आईला विचारतात. ताईचा जन्म 'मुघल-ए-आझम'च्या वर्षी, म्हणजे 1960 साली. माझा 'मोहित्यांची मंजुळा'च्या, म्हणजे 1963 साली. धाकटी आत्या सासरी गेली ती 'पिंजरा' लागला तेव्हा. या हिशेबात एका वर्षाचीही चूक निघालेली नाही.

चित्रपटाचे वेड आमच्याकडे आजोळाकडून आले. आजीने 'संत तुकाराम' पाहिला होता. प्रभातचा हा बोलपट डिसेंबर 1936 मध्ये प्रदर्शित झाला, मुंबईच्या सेंट्रलमध्ये वर्षभराहून अधिक काळ चालला, आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. आजीला व्हेनिस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती विष्णुपंत पागनीस पडद्यावर येताच हात जोडून बसली आणि घरी येऊन मात्र बोलली ती जिजाईविषयी. जिजाईचे काम करणारी गौरी ही प्रभातमध्येच बारीकसारीक कामे करता करता पुढे आलेली बाई. तिने ती म्हैस, ती पोरे आणि तो विठोबावरचा राग असा काही उभा केला की आजीला आपल्याच वाड्यातली एखादी शेजारीण भेटल्यासारखे झाले. तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते. "ते गेले वर, पण संध्याकाळचा स्वयंपाक कुणी केला असेल?" हा आजीचा प्रश्न आईने जसाच्या तसा उचलला आणि पुढे ऐंशी वर्षे तोच तिने चित्रपटांना लावला. या चित्रपटातले एक गाणे शांताराम आठवल्यांनी असे लिहिले की पुष्कळांना ते तुकोबांचाच अभंग वाटले. आजीलाही वाटले. आठवल्यांचे नाव सांगून आईने तिची समजूत काढायचा प्रयत्न केला तर आजी म्हणे, "असतील ते आठवले, पण त्यांच्याकडून लिहवून घेतलं तुकोबांनीच!"

इथे थोडे मागे जायला हवे. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तेव्हा त्यातली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण दादासाहेबांना एकही बाई मिळेना. पुढे 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली! कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी 1913 सालीच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कामे करून वाट पाडली, तरी घरंदाज मानल्या गेलेल्या कुटुंबातल्या दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा'त 1932 साली उभ्या राहिल्या तेव्हाही लोकांच्या भुवया चढल्याच. पडद्यावर बाई यायला इतकी यातायात, तर पडद्यासमोर बसायला किती? माझ्या आजीला सासऱ्यांची परवानगी मिळाली ती चित्रपट संतांचा होता म्हणून. पाचच वर्षांनी आलेला 'शेजारी' तिला पाहायला मिळाला नाही, कारण त्यात संत नव्हते. धरण होते आणि दोन म्हातारे मित्र होते.

आईने चौदाव्या वर्षी 'श्यामची आई' पाहिला. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट 1953 चा, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. शाळेने सगळ्या मुलींना रांगेने नेले होते. साऱ्याजणी हुंदके देत बाहेर आल्या, आई मात्र गप्प होती. वनमालाबाईंच्या त्या आईला आजारपणात एक दिवसही नीट निजायला मिळत नाही, याचा तिला राग आला होता, आणि असा राग यावा की नाही हे तिला कळत नव्हते. हे तिने मला सांगितले ते माझी पन्नाशी उलटल्यावर.

लग्न होऊन ती पुण्यात आली त्याच सुमारास 'सांगत्ये ऐका' लागला. अनंत माने यांचा हा तमाशापट 1959 साली आला आणि विजयानंद थिएटरात एकशे एकतीस आठवडे चालला. जयश्री गडकर तिथून पुढे घराघरांत पोचल्या. हंसा वाडकरांनी आपल्या आत्मकथेला नावही याच चित्रपटाचे दिले. आमच्या अण्णांच्या मते मात्र तमाशा म्हणजे तमाशा, मग तो फडात असो की पडद्यावर. त्यांनी नकार दिला. आई वाड्यातल्या चौघीजणींबरोबर दुपारच्या खेळाला गेली, सहाला परत आली, आणि साडेसहाला अण्णांपुढे चहा ठेवला. त्या दिवसापासून आईचा आणि तीन ते सहाच्या खेळाचा जो संबंध जुळला तो कायमचा. अण्णा कचेरीत असत, मुले शाळेत, आणि पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवलेली असे.

तिची मते मी लहानपणापासून ऐकत आलो. 1975 साल तर मला पाठच आहे, कारण त्या वर्षी 'शोले' आला आणि 'जय संतोषी मां' ही आला. दुसऱ्याच्या वेळी बायका चपला काढून बसत आणि पडद्यावर पैसे उधळत. आईने दोन्ही पाहिले. संतोषी मातेपुढे तिनेही चार आणे टाकले, आणि बाहेर पडल्यावर ते उगाच गेले म्हणून हळहळली. 'शोले'विषयी आम्ही पोरे गब्बरच्या नकला करत असताना ती म्हणाली, "तो जय मेला, तुम्ही रडलात. रोज संध्याकाळी दिवे मालवणाऱ्या त्या पोरीचं पुढं काय झालं, ते कुणी विचारलंत का?" आम्ही विचारले नव्हते. दादा कोंडक्यांना मात्र तिने कधी असले प्रश्न विचारले नाहीत. 'सोंगाड्या'ला ती पदर तोंडात धरून हसली, आणि घरी आल्यावर अण्णांना म्हणाली की चित्रपट अगदीच सामान्य आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला उमगत नसे. जुन्या चित्रपटांतला प्रसंग न् प्रसंग सांगणारी आई 1984 ते 1992 या काळातल्या चित्रपटांविषयी गडबडे. 'अशी ही बनवाबनवी' तिने पाच वेळा पाहिला, 'माहेरची साडी' तीन वेळा. पण गोष्ट विचारावी तर सगळा घोटाळा. वय झाले, असे आम्ही म्हणायचो. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला!

त्याच काळातली आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. ताईने 1984 साली जातीबाहेर लग्न केले. अण्णांनी तिचे नाव घ्यायचे नाही असे बजावले, आणि आम्ही सगळ्यांनी ते पाळले. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, शिकलेला होतो, आणि मीही पाळले. 1992 साली अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात ताई घरी आली. त्यानंतर मधल्या आठ वर्षांविषयी कुणी बोलले नाही.

29 एप्रिल 2016 रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. शंभर कोटींची मजल मारणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि आईने दुसऱ्याच आठवड्यात तिकिटे काढायला लावली. आता ते मॉल, ते सरकते जिने. तरी वेळ तिने तीनचीच घेतली. पूर्वार्धात ती खुशीत होती. बुलेटवर बसलेल्या रिंकू राजगुरूचे तिला भारी कौतुक वाटले. उत्तरार्धात आर्ची आईला फोन करते, आणि पुढे भाऊ माहेरच्या भेटवस्तू घेऊन दारात उभा राहतो. शेवटी ते तान्हे लेकरू रक्तात भरलेल्या पावलांनी चालू लागले तेव्हा साऱ्या थिएटरात आवाज नव्हता.

घरी येईपर्यंत आई काही बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, "लेक कुठं आहे, हे आईला एकटीलाच ठाऊक असावं. मी नाही कुणाला कळू दिलं."

मग तिने सांगितले. त्या आठ वर्षांत दर महिन्याला एखाद्या मंगळवारी ताई आणि ती तीनच्या खेळाला भेटत. अंधार झाल्यावर ताई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसे. ताईचे पहिले डोहाळे, बाळाचे वाढलेले वजन, जावयाची बदली, सगळे त्या तीन तासांत हळू आवाजात बोलून व्हायचे. अण्णांना म्हणावे तर त्यांनी कधी अडवले नाही, माझ्याकडून म्हणावे तर मी कधी विचारले नाही. भाची दीड वर्षाची असताना अशोक सराफांच्या एका विनोदावर सगळे हसले आणि ती दचकून जागी झाली, म्हणून मायलेकींना मध्यंतरातच उठावे लागले होते. "मग गोष्ट कुठून आठवणार?" आई म्हणाली.

अलीकडचे चित्रपटही ती सोडत नाही. 2023 साली 'बाईपण भारी देवा'ला बायका नऊवारी नेसून, काळे चष्मे लावून टोळ्याटोळ्यांनी गेल्या. आईसुद्धा गेली, अर्थात चष्मा मोतीबिंदूचा. सहा बहिणींचे भांडण तिला पसंत पडले. घरात अजून ज्याच्यावर वाद होतो तो फेब्रुवारी 2025 चा 'छावा' तिला अर्धाच पटला. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत बोललेले ऐकू येत असे, इथे ढोलांपुढे काही ऐकू येत नाही, ही एक तक्रार. शेवटचा छळ तिने डोळे मिटून काढला. पण खरी तक्रार पुढची होती: "येसूबाई त्यानंतर मोगलांच्या कैदेत तीस वर्षं राहिल्या. 1689 ते 1719. चित्रपट संपवला तिथं तर त्यांचं सुरू होतं की!" मी इतिहासाचा विद्यार्थी, साले मी ताडून पाहिली. बरोबर होती.

या दिवाळीत भाऊबीजेला ताई यायची आहे. फराळ झाल्यावर दुपारी तीन वाजता 'अशी ही बनवाबनवी' लावायचा, असे आईने मला बजावून ठेवले आहे. मध्येच कुणी बोलायचे नाही, अशी अटही घातली आहे.