स्वस्त व्याज कोणाच्या दारी?

मंदी आली की मध्यवर्ती बँक व्याजाचे दर खाली आणते. पैसा स्वस्त झाला म्हणजे लोक कर्ज काढतील, पडून असलेली घरे विकली जातील, गवंडी-सुतारांच्या हाताला काम मिळेल आणि बाजार सावरेल, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब खोटा नाही. मात्र घरांच्या किमती कोसळत असताना स्वस्त झालेले व्याज नेमके कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न त्यात सुटून जातो. अमेरिकेच्या इतिहासात तो दोनदा ठळकपणे उभा राहिला : १९३०च्या दशकात आणि २००७ नंतर.

१९२०च्या दशकातील अमेरिकी घरकर्ज आजच्यासारखे लांब मुदतीचे नव्हते. बँक घराच्या किमतीच्या साधारण निम्मी रक्कम तीन ते पाच वर्षांसाठी देई. बरेच घरमालक तेवढ्या काळात फक्त व्याज भरत आणि मुदत संपली की तेच कर्ज पुन्हा नव्याने करून घेत. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. पाठोपाठ बँका बुडू लागल्या आणि कर्ज नव्याने करून देणारे कोणी उरले नाही. नोकरी गेलेली, घराची किंमत उतरलेली आणि मुद्दल मात्र एकरकमी फेडायचे. १९३३ पर्यंत रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येऊ लागली.

त्या वर्षी जूनमध्ये रूझवेल्ट सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ ही संस्था काढली. तिने केवळ दर उतरण्याची वाट पाहिली नाही. थकलेली कर्जे तिने सावकार बँकांकडून रोख्यांच्या बदल्यात स्वतःकडे घेतली आणि घरमालकांना पाच टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे हप्ते बांधून दिले. सुमारे दहा लाख कुटुंबांना हा आधार मिळाला. त्यांतल्या पाचांपैकी एकाचे घर पुढे गेलेच, पण चारांची वाचली.

याच संस्थेने नंतर दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवले. कर्जाच्या दृष्टीने वस्त्यांचे चार वर्ग पाडले गेले आणि ‘धोक्याच्या’ वस्त्या तांबड्या रंगाने रंगवल्या गेल्या. कृष्णवर्णीयांच्या जवळजवळ सगळ्याच वस्त्या तांबड्यात आल्या. संस्थेची स्वतःची बहुतेक कर्जे या नकाशांच्या आधीच देऊन झाली होती. खरे नुकसान केले ते १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ने. तिच्या हमीमुळे लांब मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज गोऱ्या मध्यमवर्गाला सुलभ झाले आणि त्याच हमीच्या नियमांनी कृष्णवर्णीय वस्त्यांना दार बंद केले. हा भेद बेकायदा ठरायला १९६८ साल उजाडले.

आता दुसरी मंदी पाहू. जून २००३ मध्ये फेडरल रिझर्व्हने आपला दर एक टक्क्यावर आणला होता. पैसा मुबलक झाला आणि ज्यांना पूर्वी कर्ज नाकारले जाई त्यांच्याही दारात कर्जाचे दलाल येऊ लागले. पण ते कर्ज महाग होते. काही मोठ्या कर्जसंस्थांनी तशीच पत असलेल्या गोऱ्या ग्राहकांपेक्षा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ग्राहकांकडून जास्त आकार घेतल्याचा आरोप सरकारने ठेवला. २०११ आणि २०१२ मध्ये त्याबद्दल कोट्यवधी डॉलरच्या तडजोडी झाल्या. दरम्यान फेडचा दर २००६च्या मध्यापर्यंत सव्वापाच टक्क्यांवर गेला होता आणि घरांच्या किमतींची चढण संपली होती. २०१२च्या सुरुवातीपर्यंत देशभरात किमती पावपटीहून अधिक घसरल्या. लास व्हेगासमध्ये तर साठ टक्क्यांहून अधिक.

डिसेंबर २००८ मध्ये फेडने दर जवळजवळ शून्यावर आणला आणि सात वर्षे तिथेच ठेवला. तीस वर्षांच्या घरकर्जाचे व्याज नोव्हेंबर २०१२ मध्ये ३.३१ टक्के, म्हणजे तोवरच्या नोंदींतले सर्वांत कमी झाले. पण ते मिळवायचे तर जुने कर्ज फेडून नवे घ्यावे लागे. समजा, एखाद्याने तीन लाख डॉलरचे घर साडेसहा टक्के व्याजाने २ लाख ७० हजारांचे कर्ज काढून घेतले. हप्ता सुमारे १,७०० डॉलर. साडेतीन टक्क्यांनी तोच हप्ता सुमारे १,२०० होतो. पण घराची किंमत दोन लाखांवर आली असेल तर बँक त्यावर १ लाख ६० हजार देणार. वरचे लाखभर डॉलर आणायचे कुठून? २००९च्या अखेरीस कर्ज असलेल्या साधारण चारांपैकी एका घराची किंमत कर्जाहून कमी होती. सरकारने २००९ मध्ये अशांसाठी योजना आणली. पुढे अटी सैल झाल्यावर तीस लाखांहून अधिक कर्जे तिच्यातून नव्याने झाली. पण तोवर असंख्य घरे हातची गेली होती.

ती घरे घेतली कोणी? ज्यांच्या हाती रोकड होती त्यांनी. २०१२ पासून ब्लॅकस्टोनसारख्या वित्तसंस्थांनी हजारो घरे खरेदी करून भाड्याने दिली. २००४ मध्ये ६९ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आले. कृष्णवर्णीयांत ते सुमारे ४९ वरून ४२वर घसरले.

हा धडा आपल्याला परका नाही. त्याच जागतिक मंदीत, ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात, रिझर्व्ह बँकेने रेपो दर नऊ टक्क्यांवरून पावणेपाचवर आणला. पण नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँका ‘नकारात्मक भौगोलिक क्षेत्रे’ ठरवतात आणि तिथे कर्ज व इतर सुविधा सहजी देत नाहीत. अशा मोहल्ल्यातल्या माणसाला दर नऊ आहे की पावणेपाच, याने काय फरक पडणार? तो पुन्हा खासगी सावकाराकडेच जाणार.

म्हणून दरकपातीची बातमी वाचताना टक्केवारीबरोबर आणखी एक चौकशी करावी : हे कर्ज कोणत्या वस्तीपर्यंत पोचते आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडे थांबते? १९३३ पासून दहा लाख घरांना आधार मिळाला तो सरकार स्वतः कर्जदाराच्या दारी गेले म्हणून. आणि कोणाच्या दारी जायचे नाही, हेही नंतर सरकारनेच ठरवले.